लढाईला वाजवायचं काय? गेमच्या संगीतात नव्याने उतरणाऱ्यांसाठी

लातूरकडे ऑर्केस्ट्रा म्हटलं की गणपतीतला नाहीतर उरुसातला मांडव आठवतो. दोन गायक, एक निवेदक, एक ऑक्टोपॅडवाला आणि व्हायोलिनपासून शहनाईपर्यंत सगळं एकट्याने कीबोर्डवर काढणारा वादक. गेमच्या संगीतात ज्याला ऑर्केस्ट्रा म्हणतात तो निराळा. व्हायोलिन, चेलो, हॉर्न, ट्रॉम्बोन, टिंपनी घेऊन ऐंशी-नव्वद माणसं एका सभागृहात एकदम वाजवतात, तो पाश्चात्त्य वाद्यवृंद. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या पोरापोरींचा पहिला गोंधळ इथेच होतो, म्हणून हे आधी सांगितलं. पण मांडवातल्या त्या कीबोर्डवाल्याला विसरू नका. ऐंशी माणसांचा आवाज एकट्याने, दहा बोटांत, लोकांना पटेल असा काढायचा हे त्याचं काम, आणि आपलंही तेच.

गेल्या वर्षी उदगीरची दोन मुलं त्यांनी बनवलेला गेम दाखवायला आली. देवगिरी किल्ल्यावरचा, साधा, वरून दिसणारा. खंदक ओलांडायचा, अंधारी नावाच्या काळोख्या भुयारातून चाचपडत जायचं, वाटेत पहारेकऱ्यांशी तलवारीने लढायचं आणि शेवटी वरच्या बारादरी महालापाशी सेनापतीशी मोठी लढाई. प्रत्येक लढाईला त्यांनी एकच प्रचंड वाद्यवृंद लावला होता, कोरस आणि ढोलांसकट. हेडफोनवर ऐकताना अंगावर काटा आला. मोबाईलवर लावलं तर व्हायोलिनची किरकिर तेवढी उरली. ढोल गायब, आणि मागून येणाऱ्या पहारेकऱ्याच्या पावलांचाही पत्ता नाही. "दादा, ढोल तर लई लावलेत, पण ऐकूच येईना गेलेत," त्यातला एक म्हणाला. पुढचे तीन महिने आम्ही त्या गेमचं संगीत पुन्हा पहिल्यापासून केलं. खालच्या पायऱ्या त्या कामातून आल्या आहेत.

माझं मत आधीच सांगतो. ऑर्केस्ट्रा घ्यायचा की सिंथ, म्हणजे विजेच्या लहरींतून यंत्राने घडवलेला आवाज, हे भव्यतेवरून ठरवू नका. लढताना खेळणाऱ्याच्या कानाला काय हवंय त्यावरून ठरवा. या लढाईत काय पणाला लागलंय ते ऑर्केस्ट्रा सांगतो. सिंथ हाताला ताल देतो. बहुतेक लढायांना दोन्ही लागतं, पण कुणाला किती जागा द्यायची हे प्रत्येक लढाईचं वेगळं असतं.

पायरी १: आवाज बंद करून लढाई खेळा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी वही घ्या. गेमचा सगळा आवाज बंद करून तीच लढाई दहा वेळा खेळा आणि लिहून काढा. लढाई किती सेकंद चालते? पूर्ण गेममध्ये ती किती वेळा येते? जिवंत राहायला खेळणाऱ्याला कोणता आवाज ऐकू यायलाच हवा: पाऊल, तलवार उपसल्याचा आवाज, बाण सुटल्याची सणक? आणि लोक हा गेम कशावर खेळणार?

देवगिरीच्या गेममध्ये पहारेकऱ्याशी लढाई सरासरी वीस सेकंदांची होती आणि ती साठ-सत्तर वेळा यायची. सेनापतीशी लढाई चार मिनिटांची, एकदाच. हे दोन आकडे वहीत शेजारी शेजारी लिहिल्यावरच मुलांच्या लक्षात आलं की दोन्हींना एकच संगीत चालणार नाही. साठ वेळा तोच कोरस कानावर आदळला तर विसाव्या खेपेला माणूस आवाज बंद करतो. वारंवार येणाऱ्या छोट्या लढाईला कमी स्वरांचं, तालाचं, फारशी ओळखू न येणारी चाल असलेलं संगीत टिकतं, आणि तिथे सिंथ सरस पडतो. एकदाच येणाऱ्या मोठ्या लढाईला लक्षात राहणारी चाल परवडते.

पायरी २: कान तयार करा

एक आठवडा फक्त ऐका. खाली दिलेल्या गेमच्या लढाया यूट्यूबवर सापडतात. नुसतं संगीत ऐकू नका, कुणीतरी खेळतानाचा व्हिडिओ बघा, कारण हे संगीत तलवारी-बंदुकांच्या आवाजाखालीच जगतं.

सुरुवात १९७८ च्या स्पेस इनव्हेडर्सपासून करा. खाली उतरत जाणारे चार जाडे स्वर, बस. शत्रू कमी होत जातात तसे ते जलद होतात आणि छातीतली धडधड वाढते. चाल नाही, वाद्य नाही, तरी लढाईच्या संगीताचा अर्धा धडा त्यात आहे. तिथे संगीत खेळाच्या स्थितीला बांधलेलं आहे.

मग निन्टेन्डोचं १९८३ चं घरगुती गेमयंत्र फॅमिकॉम घ्या. त्याच्या चिपमध्ये दोन चौकोनी लहरींचे आवाज, एक त्रिकोणी लहरीचा, एक खरखरीचा आणि ध्वनीचे बारके तुकडे वाजवायला एक वाट, असे पाच मार्ग होते. चौकोनी लहरींवर चाल, त्रिकोणीवर खर्ज, खरखरीवर ताल. आजही छोट्या लढाईचं संगीत रचताना मी आधी एवढ्याच चार आवाजांत बसतंय का ते बघतो. चार आवाजांत जी चाल उभी राहत नाही तिला ऐंशी वादकही उभं करू शकत नाहीत.

१९९० च्या सुपर फॅमिकॉममध्ये खऱ्या वाद्यांचे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवता येऊ लागले, पण आवाजासाठी स्मृती फक्त ६४ किलोबाइट. तेवढ्यात व्हायोलिन, पितळी वाद्यं, ढोल सगळं कोंबायचं. त्या काळच्या रचनाकारांनी ऑर्केस्ट्राची सावली सिंथच्या हातांनी काढली. १९९७ च्या फायनल फँटसी सेव्हनच्या शेवटच्या लढाईत नोबुओ उएमात्सु यांनी लॅटिन शब्द गाणारा कोरस आणला, आणि तोही प्लेस्टेशनच्या ५१२ किलोबाइट ध्वनिस्मृतीत बसवलेला. एवढ्या तासांच्या खेळात माणसाचा गळा इथे लढायला येतो, म्हणून तो अंगावर येतो. उदगीरच्या मुलांनी कोरस पहिल्याच पहारेकऱ्यावर खर्च केला होता.

सिंथच्या बाजूने २०१६ चा डूम ऐका. त्याचे संगीतकार मिक गॉर्डन यांना सुरुवातीला गिटार नको असंच सांगितलं होतं. त्यांनी साधी साइन लहर घेतली आणि ती वेगवेगळ्या इफेक्टच्या साखळ्यांतून फिरवून, चिरडून, फाडून तिच्यातून तो राक्षसी आवाज काढला. गिटार नंतर आली. स्वच्छ लहर बिघडवत नेली की तिच्यात किती बळ येतं ते तिथे कळतं.

आणि एक गेम दोनदा ऐका: २०१७ चा निअर ऑटोमाटा. लढताना वाद्यं आणि गायन चालू असतं. खेळणारा शत्रूच्या यंत्रणेत शिरला की तीच चाल, त्याच मात्रेवर, जुन्या चिपच्या आवाजात वाजू लागते, आणि बाहेर आला की परत मूळ रूपात. आपण ज्यावर वाद घालतो ते दोन्ही पर्याय तिथे एकाच चालीत शेजारी बसले आहेत.

शक्य झालं तर एकदा खरा वाद्यवृंद समोर बसून ऐका. मुंबईत एनसीपीएमध्ये २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. लातूर एक्स्प्रेसने रात्री निघालं की सकाळी सीएसएमटी. तिथे डोळे उघडे ठेवून बसा: हॉर्नवाला मोठ्या स्वराआधी श्वास कसा भरतो, चेलोवाल्यांचे गज एकाच दिशेने कसे उठतात. हे पाहिलेलं नसेल तर संगणकावर काढलेला ऑर्केस्ट्रा कुठे खोटा पडतो ते सापडत नाही.

पायरी ३: सामान

फार लागत नाही. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप, कान झाकणारे बरे हेडफोन, आणि जमलं तर संगणकाला जोडायचा पंचवीस पट्ट्यांचा छोटा मिडी कीबोर्ड. संगीत जुळवायला एलएमएमएस फुकट आहे. रीपर साठ दिवस वापरून बघता येतं, मग लहान शुल्क. वाद्यवृंदासाठी व्हीएससीओ २ या मुद्रित वाद्यांच्या संचाची कम्युनिटी आवृत्ती कुठल्याही अटीशिवाय वापरता येते. सिंथसाठी व्हायटल आणि सर्ज एक्सटी, दोन्ही फुकट. जुन्या एफएम चिपसारखा धातूचा आवाज हवा असेल तर डेक्स्ड. चोरीचं सॉफ्टवेअर घेऊ नका. गेम विकायला काढाल तेव्हा ते गळ्यात येतं, आणि या फुकटातल्या साधनांना तुम्ही वर्षभर पुरत नाही.

पायरी ४: हिशेब आधी, स्वर नंतर

गेमचं संगीत गोल फिरतं, त्यामुळे लांबी मात्रांत ठरवा. १५० बीपीएम, म्हणजे मिनिटाला १५० ठोक्यांची लय घेतली तर एक ठोका ०.४ सेकंदाचा, चार ठोक्यांचं आवर्तन १.६ सेकंदाचं, आणि चाळीस आवर्तनं म्हणजे ६४ सेकंद. मोठ्या लढाईच्या एका फेऱ्याला एवढी लांबी पुरते. छोट्या लढाईला सोळा आवर्तनं बास.

लय ठरवताना मेट्रोनोम लावून लढाई खेळा. तलवारीचा एक वार किती वेळात होतो ते बघा. वार अर्ध्या सेकंदाला होत असेल तर १२० ची लय त्याच्याशी जुळते, कारण तिचा ठोकाही अर्ध्या सेकंदाचा. तंतोतंत जुळायलाच हवं असं नाही, पण ०.५ च्या वारावर ०.४ चा ठोका ठेवला की खेळणाऱ्याला काहीतरी घाई चालल्यासारखं वाटतं. ती घाई हवी असेल तर मुद्दाम ठेवा. बारादरीच्या लढाईला आम्ही ठेवली.

पायरी ५: सिंथचा थर

आधी खर्ज. करवती (सॉ-टूथ) लहर घ्या, फिल्टर म्हणजे वरचा तीक्ष्ण आवाज अडवणारी चाळणी बराचसा मिटवा, आणि एकाच स्वरावर अर्ध्या-अर्ध्या मात्रेचा ठेका धरा. फिल्टर आठ आवर्तनांत हळूहळू उघडत न्या. एवढ्यानेच ताण चढतो. दुसरा आवाज पहिल्यापासून किंचित बेसूर करून शेजारी ठेवला की खर्ज रुंद होतो. मग खरखरीतून काढलेला बारीक ठेका, आणि क्वचित उठणारा एखादा धातूचा टणत्कार.

सिंथ थकत नाही. सेकंदाला बारा स्वर त्याच्याकडून तासभर घ्या, प्रत्येक स्वर नेमक्या क्षणाला पडतो. म्हणून हाताला ताल देण्यात त्याची बरोबरी नाही. दुसरी मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या खुंट्या गेमला जोडता येतात. अंधारीत खेळणाऱ्याची ताकद कमी होईल तसा आम्ही फिल्टर मिटत नेला. जखमी झाल्यावर कानात दडा बसल्यासारखं होतं. पडद्यावरची लाल पट्टी बघायची गरजच उरली नाही.

पायरी ६: घरच्या घरी वाद्यवृंद

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो आणि सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

खऱ्या वाद्याचा आवाज मोठा झाला की त्याची जातही बदलते. हॉर्न हळू फुंकला तर मऊ आणि गोल असतो, जोरात फुंकला तर त्याला कडा येते, तो चकाकतो. संगणकावर नुसती आवाजाची पट्टी वर केली तर मऊ हॉर्नच मोठ्याने ऐकू येतो आणि कानाला लगेच कळतं की हे खोटं आहे. म्हणून चांगल्या संचात प्रत्येक स्वर हळू, मध्यम, जोरात असा वेगवेगळा मुद्रित केलेला असतो, आणि मॉड व्हील, म्हणजे कीबोर्डवरचं छोटं चाक, फिरवून एकातून दुसऱ्यात जाता येतं. लांब स्वर लावला की तो चाकावर जगवा. वर चढवा, उतरवा. सरळ रेषेत पडून राहिलेला स्वर म्हणजे श्वास नसलेला वादक.

दुसरी चूक. व्हायोलिनच्या संचात एका पट्टीवर सोळा व्हायोलिनं एकदम वाजतात. त्यावर चार बोटांनी कॉर्ड धरली की चौसष्ट व्हायोलिनं झाली. आवाज फुगतो आणि चिखल होतो. स्वर वाटून द्या: वरचा पहिल्या व्हायोलिनांना, मधला व्हायोलांना, खालचा चेलोंना. खर्जात दोन स्वर जवळजवळ ठेवू नका, तिथे अंतर मोठं लागतं.

तिसरी. एकच तुटक स्वर आठ वेळा सारख्या जोराने वाजवला तर तो बंदुकीसारखा तडतडतो, कारण दर वेळी तोच मुद्रित तुकडा वाजतो. एकाच स्वराचे चार-पाच तुकडे आळीपाळीने वाजवणारा संच निवडा आणि प्रत्येक ठोक्याचा जोर हाताने थोडा-थोडा बदला. पहिला जड, तिसरा त्याहून हलका. ठोके काही मिलिसेकंद इकडे-तिकडे झाले तरी चालेल. खरे वादकही तसेच असतात, आणि त्या बारीक फरकातूनच त्यांचा रुंद आवाज तयार होतो.

चौथी गोष्ट चूक नाही, मर्यादा आहे. नुसत्या तुकड्यांतून एकल व्हायोलिनची लांब, गाणारी चाल पटेल अशी काढणं फार अवघड. तुटक गजाचे ठेके, खालच्या पितळी वाद्यांचे धक्के, टिंपनी आणि थरथरणारे लांब तंतू मात्र छान निघतात, आणि लढाईला नेमकं हेच लागतं. गाणारी चाल हवीच असेल तर ती एका खऱ्या माणसाकडून वाजवून घ्या. परभणी-नांदेडला बासरी, व्हायोलिन शिकवणारे शिक्षक आहेत. एक खरा सूर वर ठेवला की खालचा सगळा बनावट वाद्यवृंदही खरा वाटू लागतो. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे, आणि मला यात अजूनही जादूसारखं वाटतं.

पायरी ७: संबळ, हलगी, तुतारी

देवगिरीच्या गेमला जपानी तायको ढोल का? मुलांना हा प्रश्न विचारला तेव्हा ती गप्प झाली. फुकट संचात तोच होता, एवढंच कारण. आपल्याकडे गोंधळाच्या संबळाला एक खालच्या आवाजाचं आणि एक चढ्या आवाजाचं अशी दोन तोंडं आहेत. हलगीची कडकड गावाच्या वेशीपासून ऐकू येते. तुतारी आहे. हे बहुतेक तयार संचांत धड सापडत नाही, आणि म्हणूनच आपण ते मुद्रित केलं तर तो आवाज जगात फक्त आपल्याकडे असतो.

संच बनवायची रीत सोपी आहे. संबळाच्या प्रत्येक तोंडावर चार जोर: अगदी हळू, हळू, जोरात, पूर्ण जोरात. प्रत्येक जोराचे पाच ठोके, मध्ये चार सेकंद शांतता. दोन तोंडं, चार जोर, पाच ठोके म्हणजे चाळीस तुकडे. ते डिसेंट सॅम्प्लरसारख्या फुकट साधनात भरले की संबळ तुमच्या कीबोर्डवर आला. शिवाय वादकाला दहा मिनिटं त्याच्या मनाने वाजवू द्या आणि तेही मुद्रित करा. आमच्या बारादरीच्या लढाईतला सगळ्यात चांगला ठेका त्या दहा मिनिटांतला आहे. तो मला स्वतःहून कधी सुचला नसता.

जागा म्हणून शेत उत्तम. खोलीत भिंतींचा घुमारा येतो आणि तो नंतर काढता येत नाही. शेतातली लाईट गेली की मोटारी थांबतात, रेकॉर्डिंगला तीच वेळ धरा. लॅपटॉप आधी पूर्ण चार्ज करून न्या. माइक वाद्यापासून हातभर लांब आणि वाऱ्याला पाठ करून ठेवा. हलगी आधी कडब्याच्या जाळावर शेकून घ्यावी लागते. गार होईल तसं कातडं उतरतं आणि आवाजही. त्यामुळे जोराचे ठोके आधी घ्या, हळू नंतर, आणि मध्ये पुन्हा शेका. तुतारीला कळा नसतात. ओठांच्या ताणावर तिचे ठरावीक स्वरच निघतात आणि ते तुमच्या पट्टीत असतीलच असं नाही. आम्ही तुतारीचा स्वर आधी मोजला आणि सगळा वाद्यवृंद त्या पट्टीत लिहिला. हॉर्नला पट्टी बदलायला काहीच कष्ट नाहीत, तुतारीला तो मार्गच नाही.

वादकाला मानधन द्या, आधी ठरवून. गेमच्या शेवटी नाव द्या. आवाज कशासाठी वापरणार ते साध्या मराठीत कागदावर लिहून सही घ्या, आणि गेम विकणार असाल तर तेही लिहा. गोंधळ हा तुळजाभवानीच्या उपासनेचा भाग आहे. कोणते बोल, कोणती आरोळी गेममध्ये घ्यायची नाही हे गोंधळ्यांनाच विचारा आणि ते सांगतील ते पाळा. आम्हाला एक ठेका घेऊ नका म्हणून सांगितलं गेलं. आम्ही तो पुसून टाकला.

पायरी ८: मोबाईलवर ढोल कुठे जातो

आता त्या मुलाच्या तक्रारीकडे येऊ. डबल बासचा सगळ्यात खालचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा. व्हायोलिनची सगळ्यात जाड तार १९६ हर्ट्झला सुरू होते. मोबाईलचा चिमुकला स्पीकर साधारण त्या व्हायोलिनच्या तारेच्या खालचं फारसं काही वाजवूच शकत नाही. म्हणजे चेलोचा खालचा भाग, बास, ट्यूबा, टिंपनी, मोठे ढोल, भव्यता ज्यावर उभी असते ते सगळं जातं.

उपाय आहे, कारण कान हुशार असतो. खालच्या स्वराच्या वरच्या पटी, म्हणजे दुप्पट-तिप्पट हर्ट्झचे सूर, ऐकू आल्या की मूळ स्वर नसला तरी मेंदू तो भरून काढतो. खर्जाच्या थरावर थोडं डिस्टॉर्शन द्या, म्हणजे तो मुद्दाम थोडा फाडा, म्हणजे त्या पटी तयार होतात. किंवा तोच खर्ज एक सप्तक वर, बारीक आवाजात, करवती लहरीवर जोडा. सिंथ इथे वाद्यवृंदाच्या मदतीला येतो. ऐकणाऱ्याला सिंथ कळत नाही, बास जाड वाटतो, एवढंच. हलगीला हे काही करावं लागत नाही. तिची कडकड मुळातच वरच्या पट्टीत असल्याने मोबाईलवर ती तशीच्या तशी येते. तायको काढून हलगी घातल्यावर उदगीरच्या मुलांचा "ढोल" परत आला.

दुसरं काम जागा सोडण्याचं. पावलं, तलवारी, बोलणं यांची स्पष्टता बरीचशी १००० ते ४००० हर्ट्झच्या पट्ट्यात असते. व्हायोलिनचे तुटक ठेके आणि सिंथच्या तीक्ष्ण लहरीही तिथेच गर्दी करतात. संगीताच्या त्या पट्ट्यात तीन-चार डेसिबल खाली घ्या, किंवा वार होताना संगीत क्षणभर आपोआप दबेल असं लावा. संगीत जुळवताना तलवारीचे आवाज पहिल्या दिवसापासून शेजारच्या मार्गावर वाजते ठेवा. नंतर आणून बसवायचे म्हटलं की जागा शिल्लक नसते.

पायरी ९: फेरा आणि थर

फेरा जोडताना शेवटच्या स्वराचा घुमारा कापला जातो आणि तिथे खड्डा ऐकू येतो. त्यावर युक्ती: तोच भाग लागोपाठ दोनदा ठेवा, सगळं बाहेर काढा आणि फक्त दुसरी आवृत्ती कापून घ्या. पहिल्याचा घुमारा दुसऱ्याच्या सुरुवातीवर आलेला असतो, त्यामुळे फेरा सलग होतो. फाइल ओग स्वरूपात ठेवा. एमपी३ च्या सुरुवातीला थोडी शांतता आपोआप भरली जाते आणि प्रत्येक फेऱ्याला ठेच लागते. ६४ सेकंदांची स्टिरिओ वेव्ह फाइल अकरा एमबीच्या पुढे जाते, तीच १२८ केबीपीएसच्या ओगमध्ये साधारण एक एमबी होते. आपल्या लोकांच्या डेटा पॅकचा विचार करा.

मग थर. एकाच लयीचे, एकाच लांबीचे तीन ट्रॅक एकदम सुरू करायचे आणि हवे तेवढेच ऐकू येऊ द्यायचे. गेम बनवायच्या गोडो या सॉफ्टवेअरमध्ये ४.३ आवृत्तीपासून यासाठी तयार सोय आहे. युनिटी हे दुसरं सॉफ्टवेअर वापरणारे एफमॉड हे आवाजाचं जोडसाधन घेतात. एका संगीतातून दुसऱ्यात उडी मारायची असेल तर ती आवर्तनाच्या शेवटी मारा. १५० च्या लयीत जास्तीत जास्त १.६ सेकंद थांबावं लागतं, खेळणाऱ्याला ते जाणवत नाही.

देवगिरीत शेवटी अशी वाटणी झाली. अंधारीत नुसता सिंथचा खर्ज आणि फार हळू हलगी, म्हणजे पावलं ऐकू येतात. पहारेकरी भिडला की खरखरीचा ठेका आणि चढी हलगी. वाद्यवृंद कुठेच नाही. बारादरीच्या पायऱ्या चढताना पहिल्यांदा चेलो येतात. सेनापती दिसतो तेव्हा तुतारी, तिच्यामागे हॉर्न, आणि खाली संबळ. त्याची निम्मी ताकद गेली की अंधारीतला सिंथचा खर्ज परत येतो आणि वाद्यवृंदाखाली सरकतो. तोच स्वर, तीच पट्टी. कोरस आम्ही पूर्ण काढून टाकला. त्याची जागा तुतारीने घेतली होती.

पायरी १०: गोंगाटात तपासा

संगीत पुरं झालं की ते स्वतःच्या खोलीत तपासू नका. मोबाईल घेऊन बसस्टँडवर नाहीतर चहाच्या टपरीवर जा, आणि गेम कधीच न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या. कसं वाटलं ते विचारू नका, भिडेपोटी लोक छानच म्हणतात. त्याचा अंगठा आवाजाच्या बटणावर कधी जातो ते बघा.

आम्ही उदगीरच्या स्टँडवर एका अकरावीतल्या मुलाला दिला. अंधारीत त्याने मोबाईल कानाजवळ नेला, पावलं ऐकायला. दोनदा त्याने आवाज वाढवला, दोन्ही वेळा पहारेकऱ्याशी भिडताना. म्हणजे तिथे ठेका पावलांवर चढत होता. बारादरीपाशी तुतारी वाजली आणि तो बाकावर पाय वर घेऊन बसला. त्याची बस लागली तरी उठेना, मग सोबतच्या मावशीने त्याला हाक मारली. रात्री आम्ही खरखरीचा ठेका दोन डेसिबलने खाली घेतला, बाकी कशाला हात लावला नाही, आणि फाइल बंद केली.